बाविसावा आठवडा, दोन डॉक्टर

आज सकाळी पोटाचे डॉक्टर, दुपारी बाळाच्या. मधल्या वेळात रिक्षात बसून डब्यातला दहीभात खाल्ला. पचला!

अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होण्याचा आजार) होऊन ६ वर्षं झाली. दिवस गेल्याचं कळलं त्याच आठवड्यात मी आपल्या मनाने त्यावरची मेसालामाइनची गोळी बंद केली. 'गरोदरपणात गोळ्या नकोत गं' हे इतक्या जणींनी सांगितलं, की डॉक्टरांना विचारायचं सुचलंच नाही. (शिकली सवरलेली बाई मी!) पंधरा दिवसांत रक्त पडायला लागलं. दिवसातून आठ आठ वेळा संडास, आणि दर वेळी आत बसून रडणं.

तेव्हा डॉक्टर रागावले नाहीत, फक्त एवढंच म्हणाले, बाळाला त्या गोळीपेक्षा भडकलेल्या आतड्याचा त्रास जास्त. वेळेआधी प्रसूती, कमी वजन, हे धोके त्यातून येतात. मेथोट्रेक्सेटसारखं औषध मात्र गरोदरपणात चालतच नाही, म्हणून प्रत्येकीने आपापल्या गोळ्यांचं आधीच विचारून घ्यावं.

शौचाच्या तपासणीत कॅलप्रोटेक्टिन (आतड्याला सूज असली की वाढणारं प्रथिन) तिसऱ्या महिन्यात ८०० च्या वर होतं. आज ९०. कोलोनोस्कोपी (आतड्यात दुर्बीण घालून तपासणी) न करता आतली सूज कळते, हे या दिवसांत फार मोठं सुख आहे.

घरी आले तर सासूबाई डोहाळजेवणाची यादी घेऊन बसलेल्या. मिरचीवर काट मारली होती. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "रात्रीची गोळी घेतलीस का?"