पेनकिलर, अ‍ॅसिडिटीची गोळी आणि न फुटणारं फॉलिकल

मूल हवं असलेल्या बाईच्या फाइलमध्ये थायरॉइड, साखर, एएमएच (अंडाशयातल्या बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी तपासणी) सगळं असतं. नसते ती पर्समधल्या पेनकिलरची नोंद. घोडबंदर रोडवरून रोज रिक्षाने ठाणे स्टेशन गाठायचं म्हणजे कंबर धरणारच, आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये डायक्लोफेनॅक मागताना पाळीचा कितवा दिवस आहे, हे कोण विचारणार?

पण प्रश्न दिवसाचाच आहे. फॉलिकल, म्हणजे अंडाशयातली बीज वाढवणारी पिशवी, १८ ते २० मिमीचं झालं की एलएच हे हार्मोन उसळतं आणि साधारण ३६ तासांनी फॉलिकल फुटून बीज बाहेर पडतं. फॉलिकलची भिंत फुटायला प्रोस्टाग्लँडिन हे शरीरातच बनणारं रसायन लागतं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, एटोरिकॉक्सिब या गोळ्या नेमकं तेच बनू देत नाहीत. मग बीज आतच अडकतं. फसवणूक अशी, की घरच्या ओव्ह्युलेशन किटवर रेघ उमटते, कारण ते एलएच मोजतं. २१व्या दिवसाचं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोनही चांगलं येतं, कारण न फुटलेलं फॉलिकलसुद्धा ते बनवतं. पाळी वेळेवर येते. चूक दिसते फक्त फॉलिक्युलर स्टडीत, म्हणजे फॉलिकलची वाढ पाहणाऱ्या सोनोग्राफींच्या मालिकेत, तीही फुटण्याच्या अपेक्षित वेळेनंतरची सोनोग्राफी केली तरच. आपल्याकडे नेमकी तीच चुकवली जाते.

पाळीच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी मेफेनॅमिक अ‍ॅसिड घेतल्याने हे होत नाही. २८ दिवसांचं चक्र असेल तर १०व्या ते १६व्या दिवसापर्यंत जपायचं. तेव्हा दुखलंच तर पॅरासिटामॉल बरी. गोळी थांबवली की पुढच्या चक्रात फॉलिकल सहसा नीट फुटतं. संधिवातासाठी रोज गोळी चालू असेल तर हाडांच्या डॉक्टरांना मूल हवं असल्याचं सांगायलाच हवं.

अ‍ॅसिडिटीच्या कॅप्सूलचं वेगळंच. पँटोप्राझोलने काही बिघडत नाही, पण सोबत डॉमपेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड असेल तर प्रोलॅक्टिन, म्हणजे अंगावरचं दूध बनवणारं हार्मोन, वाढतं, मेंदूकडून अंडाशयाला जाणारा इशारा मंदावतो आणि पाळी लांबते. रिपोर्टमध्ये प्रोलॅक्टिन जास्त आलं की लगेच मेंदूच्या एमआरआयकडे धावू नका. आधी स्ट्रिपच्या मागचा बारीक मजकूर वाचा, डॉक्टरांना विचारून ते औषध ३ दिवस बंद ठेवा आणि तपासणी पुन्हा करा. मानसिक आजारावरच्या रिस्पेरिडोननेही प्रोलॅक्टिन वाढतं, पण ती गोळी मनाने बंद करायची नाही.

वरचं सगळं भरून निघणारं आहे. सायक्लोफॉस्फमाइड या केमोच्या औषधाचं तसं नाही. ते अंडाशयातला बीजांचा झोपलेला साठाच संपवतं, आणि ते फक्त कॅन्सरमध्ये नव्हे, ल्यूपसमध्येही (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) देतात. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये (टाटा मेमोरियलच्या कॅन्सर केंद्रात) किंवा कुठेही केमो ठरली, तर बीज गोठवण्याचं पहिल्या डोसच्या आधी विचारा. त्यासाठी साधारण १० ते १४ दिवस इंजेक्शनं लागतात आणि ती चक्राच्या कोणत्याही दिवशी सुरू करता येतात, पाळीची वाट बघावी लागत नाही.