पत्र्याच्या घरात उभी पंचिंग बॅग

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, वर पत्रा. टांगायची बॅग घेतली असती तर प्रत्येक किकला अख्खं छप्पर खडखडलं असतं. म्हणून बुडात वजन भरायची, उभी राहणारी बॅग घेतली. कराटेच्या ब्राउन बेल्टची परीक्षा जवळ आलीय आणि क्लास आठवड्यातून तीनच दिवस.

बुडाची टाकी शंभर लिटरची. आधी पाणी भरलं. आई म्हणाली, "नळाला रोज पाणी येत नाही आणि तू शंभर लिटर कोंडून ठेवणार?" तिचं खरंच होतं. शिवाय शहाबादी फरशीवर बॅग चौथ्या मावाशीलाच (म्हणजे बाजूने गोल फिरवून मारायच्या किकलाच) सरकली. फरशी खराब होऊ नये म्हणून खाली जुनी चादर घातली होती, तिने तर घसरायला मदतच केली.

मग वाळू. पाणी लिटरला एक किलो, कोरडी वाळू दीड किलोच्या वर. तेवढ्याच टाकीत दीडपट वजन. पण वाळू कोरडीच हवी, ओली असली की तोंडाशीच अडकते. प्लास्टरची वाळू चाळून अंगणात ताडपत्रीवर दोन दिवस पसरली. मे महिन्यातलं सोलापूरचं ऊन, दुपारी वाळूला हात लावता येत नव्हता. टाकीचं तोंड जेमतेम दोन इंची. पाण्याची बाटली कापून नरसाळं केलं. भावाने घमेल्यातून तांब्याने ओतायचं आणि मी रबरी हातोडीने टाकी ठोकत राहायचं. ठोकल्याशिवाय वाळू बसत नाही. भरली म्हणून झाकण लावावं, तर ठोकल्यावर पुन्हा चार तांबे मावायचे. आणि हे सगळं बॅग जिथे ठेवायची तिथेच करा. दीडशे किलोच्या वरचं ते बूड नंतर दोघांनाही हलत नाही.

खाली आता ट्रकच्या जुन्या ट्यूबचे कापून सपाट केलेले तुकडे आहेत. पहिल्या आठवड्यात दांड्याचे बोल्ट सैल झाले, तेव्हापासून दर रविवारी पाना लावते. लो किक मात्र जपून मारते, कारण फोम संपतो तिथे प्लास्टिकची कडक कड आहे आणि नडगी तिच्यावर आपटली की दोन दिवस ठणकते.

बुडाभोवती खडूने गोल रेघ मारलीय. तीन आठवड्यांत बोटभरच सरकलंय.