कोठारात गहू मावेना, तरी साखरेला कूपन का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. प्रश्न नेहमीचाच: दुसऱ्या महायुद्धात कॅनडावर बॉम्ब पडले नाहीत, शेतं पिकत होती, मग तिथे रेशन कशासाठी?

टंचाई धान्याची नव्हती, जहाजांची होती. गहू घरचा होता. साखर मात्र मुख्यतः उसाची, बाहेरून येणारी, आणि चहा-कॉफी तर सगळीच समुद्रापलीकडची. जर्मन पाणबुड्या अटलांटिकमध्ये मालवाहू जहाजं बुडवत होत्या आणि उरलेल्यांवर आधी दारूगोळा चढायचा. म्हणून कॅनडानं स्वतःच धडाक्यानं जहाजं बांधायला घेतली. मुंबईकरांना त्यातलं एक पक्कं ठाऊक आहे. 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया गोदीत फुटलेलं 'फोर्ट स्टिकीन' 1942 मध्ये कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, प्रिन्स रुपर्टला बांधलेलं होतं.

साखरेचं रेशन 1942 च्या जानेवारीत सुरू झालं ते निव्वळ लोकांच्या सचोटीवर: माणशी आठवड्याला पाऊण पौंडच घ्या, असं आवाहन. जुलैत कूपन आलं तेव्हा वाटा अर्धा पौंड, म्हणजे सुमारे 225 ग्रॅम होता. ऑगस्टपासून आठवड्याला 1 औंस चहा किंवा 4 औंस कॉफी. 1 औंस म्हणजे 28 ग्रॅम. दिवसाला 4 ग्रॅम पत्ती, आपल्या हिशेबानं कसाबसा दीड कप. डिसेंबरात लोणी आलं, मे 1943 मध्ये मांस. मांसाचं गणित खाटकाचा घाम काढणारं होतं, कारण एका कूपनावर बिनहाडाचं कमी आणि हाडांसकटचं जास्त वजन मिळे.

दुकानदाराचं काम कूपन कापून घेण्यावर संपत नसे. ती कूपनं गोंदाच्या कागदावर चिकटवून बँकेत भरायची, खात्यात साखर किंवा लोणी पैशांसारखं जमा व्हायचं आणि घाऊक व्यापाऱ्याला त्याचाच 'चेक' द्यायचा. खात्यात शिल्लक नसेल तर खिशात पैसे असून माल नाही.

माझ्या मते रेशनपेक्षा मोठी उडी होती ती भाव गोठवण्याची. पहिल्या महायुद्धातल्या महागाईचा चटका आठवणीत होता. 1 डिसेंबर 1941 पासून नियम लागू झाला: 15 सप्टेंबर ते 11 ऑक्टोबर या चार आठवड्यांत तुम्ही जो सर्वांत चढा भाव घेतलात, तीच तुमची कमाल मर्यादा. 'तुमची' हा शब्द महत्त्वाचा, कारण शेजारच्या दुकानाची मर्यादा वेगळी असू शके. डोनाल्ड गॉर्डन यांच्या हाताखालचं भाव-नियंत्रण मंडळ हे सांभाळत होतं आणि त्याचे डोळे होत्या गृहिणी. निळ्या वहीत भाव टिपून ठेवायचे आणि वाढले की कळवायचं.

गोची झाली ती दोन ठिकाणी. आयात माल महागला, विक्रीभाव मात्र गोठलेला. मधला फरक सरकारनं अनुदानानं भरला. दुसरी गोची चोरटी होती. भाव तोच ठेवून कापड पातळ करायचं, शिलाई कच्ची करायची. हे कुठल्याही वहीत टिपता येत नाही. तरीही 1941 च्या अखेरीपासून युद्ध संपेपर्यंत राहणीमानाचा खर्च साधारण 3 टक्केच वाढला, हे मोठंच यश.

फळं टिकवायला जादा साखर मिळे, पण बेतानं. इथे एक गल्लत होते. बरणीतलं फळ टिकतं ते उकळण्यानं आणि हवाबंद झाकणानं, त्यामुळे ते नुसत्या पाण्यातही भरता येतं. जॅमचं तसं नाही. साखर कमी पडली की तो आळत नाही आणि बुरशी धरतो. झाकणाखालची जुनी रबरी रिंग पुन्हा वापरली तर कडेनं हवा शिरून अख्खी बरणी वाया. त्यात ब्रिटिश कोलंबियातल्या ज्या फ्रेझर खोऱ्यातून बेरी येत, तिथले जपानी वंशाचे बागायतदार 1942 मध्ये हुसकावले गेले. किनारपट्टीवरून असे सुमारे 22,000 लोक हलवले, बहुतेक कॅनडातच जन्मलेले किंवा तिथले नागरिक, आणि त्यांच्या बागा-बोटी-घरं सरकारनं विकून टाकली.

आणि गंमत बघा: लोणी कूपनावर, पण मार्गारिन, म्हणजे लोण्याऐवजी वापरायचा स्वस्त पदार्थ, विकणं बेकायदा! दूधधंद्याच्या दबावातून आलेली ती जुनी बंदी युद्धातही उठली नाही. ती गेली 1948 मध्ये.

मांसाचं रेशन मार्च 1944 मध्ये थांबलं आणि शांतता झाल्यावर, सप्टेंबर 1945 मध्ये, पुन्हा आलं, कारण युरोप उपाशी होता. साखरेचं कूपन तर नोव्हेंबर 1947 पर्यंत चाललं.