मोती शेवटी घाला, आधी उतरवा

मंगळागौर असो की मुंज, आमच्याकडे मोत्यांचा तन्मणी निघतोच. आणि निघाला की माझी सूनबाईला सूचना ठरलेली: स्प्रे, पावडर, केसांचा फवारा आधी; मोती सगळ्यात शेवटी. घरी आल्यावर मात्र आधी मोती उतरव, मग चहा टाक.

मोती म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, शहाबादी फरशीच्याच जातीचा. लिंबू सांडलं की फरशीचं जे होतं, तेच इथे. घामानेही झळाळी जाते. म्हणून मऊ सुती कापड जरासं ओलं करून मणी पुसायचे आणि माळ आडवी पसरून वाळवायची. ओला रेशमी दोरा टांगला की ताणतो. टूथपेस्टचं नावही काढू नका. कठीणपणा मोजायच्या मोह्स मापावर मोती जेमतेम २.५ ते ४.५, हिरा १०; सोबत हिऱ्याची अंगठी ठेवली की ओरखडे आलेच.

लांब सरात प्रत्येक मोत्यानंतर गाठ हवी. दोरा तुटला तरी सगळे मोती घरंगळत नाहीत, एकमेकांवर घासतही नाहीत. गाठीजवळ दोरा काळपटला किंवा फट दिसू लागली की मी तो लक्ष्मी रोडला गाठवायला देते. समोर बसून मोजून घेते, हो, पुणेकर आहे!

लॉकरमधल्या बंद प्लास्टिकच्या पिशवीत मात्र मोती वर्षानुवर्षं ठेवू नयेत. मलमलीत गुंडाळा, अधूनमधून घाला. नथीचं वेगळंच: तिच्या मोत्याला फाउंडेशन चिकटतं, ते त्याच रात्री पुसायचं.