याला घेतला कोणी?

कंपन्या माणसं कशी निवडतात हे बघणं आणि त्यात कुठे गळतंय ते दाखवणं, हे माझं काम. उमेदवार मी पुरवत नाही. त्यामुळे मला बोलावतात तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. या कंपनीतही तो झालाच होता. पॅकिंगची यंत्रं बनवणारी मध्यम आकाराची कंपनी, ऑपरेशन्स हेडच्या खुर्चीवरचा तिसरा माणूस जायच्या बेतात, आणि एमडींचं फोनवरचं पहिलंच वाक्य, "चांगली माणसं मिळतच नाहीत हो हल्ली."

हे वाक्य इतक्या जणांकडून ऐकलंय की आता मी त्यावर वाद घालत नाही. सध्याच्या माणसाची भरतीची फाइल तेवढी मागितली. त्याचा सीव्ही नको होता. इंटरव्ह्यूनंतर कोणी काय लिहिलं, ते कागद हवे होते.

फाइल हातात पडली ती थेट मिटिंगच्या दिवशी सकाळी. आत चौघांचे चार फॉर्म होते. एकाने लिहिलं होतं 'बोलणं छान', दुसऱ्याने 'टीममध्ये मिसळून जाईल', तिसऱ्याने नुसतंच 'ओके'. एमडींच्या फॉर्मवर 'घ्या. माणसात दम आहे.' गुणांच्या रकान्यात सगळीकडे पाचपैकी चार. इथपर्यंत नवल वाटावं असं काही नव्हतं, असले फॉर्म मी रोज बघते. मग तारखेकडे लक्ष गेलं. चारही फॉर्मवर एकच तारीख, आणि ती ऑफर लेटरच्या नंतरची! निर्णय आधीच झालेला होता. ऑडिटला दाखवायला म्हणून कागद मागाहून भरून घेतलेले. रेफरन्स चेकपुढे, म्हणजे आधीच्या ठिकाणी केलेल्या चौकशीपुढे, 'केला' एवढा एक शब्द. फोन कोणाला केला, कोणी केला, काय विचारलं, सगळं कोरं.

मिटिंगला एकच विषय होता : प्रोबेशन संपायच्या आत याला काढायचं का. एमडी, सेल्स हेड, फायनान्स हेड, एचआर मॅनेजर आणि मी. एमडी वैतागलेले. म्हणाले, "मुळात याला घेतला कोणी?"

पुढची दहाएक मिनिटं ऐकण्यासारखी होती. सेल्स हेड म्हणाले, मला तेव्हाच शंका आली होती. फायनान्सवाले म्हणाले, मी इंटरव्ह्यूच्या शेवटी येऊन बसलो, मला पगाराचंच तेवढं विचारलं होतं. एचआर मॅनेजर म्हणाल्या, नावं आम्ही काढली, निवड तुमची. आणि एमडी म्हणाले, "तुमचं सगळ्यांचं एकमत होतं म्हणून मी हो म्हटलं!" असं फिरत फिरत प्रकरण जिथून निघालं तिथेच येऊन थांबलं. मी चार फॉर्म टेबलावर ओळीने मांडले आणि तारखांवर बोट ठेवलं.

एमडींनी आपला फॉर्म उचलला, वाचला, खाली ठेवला. "म्हणजे चूक माझी, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"कागदावर ती कोणाचीच नाही, सर. अडचण तीच आहे."

त्यांना ते आवडलं नाही, पण उडवून लावलं नाही, हे त्यांचं मोठेपण. मी आणखी एक गोष्ट मागितली. ज्याच्याबद्दल बोलतोय त्याला आत बोलवा. सेल्स हेडनी कपाळाला आठ्या घातल्या. त्यांच्या मते हा माझ्या कामाचा भाग नव्हता. मला वाटतं, आहे. इंटरव्ह्यूत कंपनी उमेदवाराला जे सांगते त्याची नोंद कोणीच ठेवत नाही, ती फक्त त्या उमेदवाराच्या डोक्यात असते.

तो वही घेऊन आला. एमडींनी विचारलं, "इंटरव्ह्यूत तुम्हाला काय सांगितलं होतं आम्ही?"

"प्लॅनिंग पूर्णपणे माझ्या हातात असेल, असं तुम्ही म्हणाला होतात, सर."

"मग?"

"ओव्हरटाइम लावायलासुद्धा तुमची सही लागते. मोटर्सचा पुरवठादार बदलायचा प्रस्ताव दिलाय, तो अजून तुमच्याकडेच आहे."

एमडींनी फायनान्स हेडकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. खरं होतं ते.

हे इथेच संपलं असतं तर गोष्ट सोपी होती. बिचारा चांगला माणूस आणि वाईट मालक. पण सेल्स हेडनी नेमका प्रश्न विचारला, आणि तो विचारायलाच हवा होता. "हे सगळं ठीक आहे. पण मशीन शॉपफ्लोअरवर उभं असताना तुमच्या रिपोर्टमध्ये ते 'डिस्पॅच झालं' कसं? मी ग्राहकाला फोन करून सांगितलं की गाडी निघाली!"

त्याने वही मिटली. "दर सोमवारी सगळ्यांसमोर बोलणी खावी लागायची. दोन दिवसांत निघेलच म्हणून आधी लिहायचो."

असल्या क्षणी बहुतेक वरिष्ठ सुटकेचा श्वास टाकतात. समोरच्याची चूक सापडली की आपलं खातं बंद. एमडींनी तसं केलं नाही. ते जे बोलले ते मी तिथेच लिहून घेतलं. "अधिकार न देता तुम्हाला जबाबदार धरलं, हे माझं. खोटा रिपोर्ट दिलात, हे तुमचं. माझं मोठं आहे म्हणून तुमचं माफ होत नाही, आणि तुमचं सापडलं म्हणून माझं सुटत नाही."

तो गेला. नोटीसचा पगार पूर्ण दिला. दुसऱ्या दिवशी सगळ्या विभागप्रमुखांना मेल गेली, तिच्यात एमडींनी लिहिलं होतं की ही नेमणूक माझी होती आणि ओव्हरटाइमच्या मंजुरीचा अधिकार आजपासून ऑपरेशन्स हेडच्या पदाला दिला आहे. मला त्यातलं दुसरं वाक्य जास्त महत्त्वाचं वाटलं. 'जबाबदारी माझी' असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. म्हटल्यावर काय बदललं, असं विचारलं की गप्प होतात. निन्टेन्डो या जपानी व्हिडिओ गेम कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष सातोरु इवाता यांनी 2011 साली नव्या गेमिंग कन्सोलची किंमत पडल्या विक्रीमुळे उतरवावी लागली तेव्हा स्वतःचा पगार निम्म्यावर आणला होता. तसं करायला छाती लागते, मान्य. पण भरतीच्या बाबतीत मी कोणाकडे पगार मागत नाही. निवड होण्याआधी कागदावर एक नाव मागते. तेही लोकांना जड जातं.

नव्या माणसाच्या शोधासाठी आम्ही जी पद्धत बसवली तिच्यात माझ्या पदरचं फारसं काही नाही. डॅनियल काहनेमन, ज्यांना पुढे 2002 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते 1955 साली इस्रायली सैन्यात अवघ्या एकविसाव्या वर्षी हेच करत होते. तिथले मुलाखतकार गप्पा मारून एकदम मत बनवायचे आणि ती मतं कुचकामी ठरायची. काहनेमननी स्वभावातले सहा गुण ठरवून दिले आणि सांगितलं, एकेकाबद्दल ठरलेले प्रश्न विचारा, तिथल्या तिथे आकडा लिहा, मगच पुढच्या गुणाकडे जा. मुलाखतकार भडकले, आम्हाला यंत्रमानव करताय म्हणाले. तेव्हा त्यांनी एक सूट दिली : सगळे आकडे लिहून झाले की डोळे मिटा आणि मनाला काय वाटतं त्याचाही आकडा द्या. गंमत म्हणजे तो आकडाही उपयोगी ठरला. मनाचा कौल घ्यायला हरकत नाही, तो शेवटी घ्यायचा.

एमडींना गोष्टींपेक्षा आकडे पटतात. त्यांना मी 2022 साली सॅकेट या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला जुन्या अभ्यासांचा फेरहिशेब दाखवला. मुलाखतीचा अंदाज आणि पुढचं प्रत्यक्ष काम अगदी तंतोतंत जुळलं तर 1, काहीच संबंध नसेल तर 0. ठरलेल्या प्रश्नांच्या मुलाखतीला 0.42, मोकळ्या गप्पांना 0.19. आणि अनुभवाच्या वर्षांना 0.07. हा शेवटचा आकडा त्यांनी दोनदा विचारला, कारण त्यांच्या जाहिरातीची पहिली ओळ 'किमान पंधरा वर्षांचा अनुभव' अशी होती. अर्थात 0.42 म्हणजे काही भविष्यवाणी नव्हे. नीट निवडूनही माणूस चुकू शकतो, आणि म्हणूनच निवडणाऱ्याचं नाव लागतं. माणूस अडखळला की त्याच्याकडे धावून जायचं कोणी, हे त्या नावावरून कळतं.

तर पद्धत अशी बसली : उमेदवाराला जुन्या एका महिन्याची खरी ऑर्डरबुक, ग्राहकांची नावं काढून, हातात द्यायची आणि एका आठवड्याचं प्लॅन करायला सांगायचं. चौघांनी एकमेकांशी न बोलता आकडे लिहायचे. मग ज्याच्या हाताखाली तो काम करणार त्याने अर्ध्या पानाचं टिपण लिहायचं : याला का घेतोय, शंका काय आहेत, त्यासाठी मी स्वतः काय करणार आहे, आणि कोणते निर्णय त्याने मला न विचारता घ्यायचे. खाली एकट्याची सही. ऑफर लेटर त्यानंतर.

पहिल्याच फेरीत एक उमेदवार सगळ्यांना भावला. हसरा, हुशार, आधीची कंपनी नामांकित. ऑर्डरबुक मात्र त्याने न उघडताच ढीगभर तत्त्वं सांगितली. एमडी टिपण लिहायला बसले आणि 'का घेतोय' पाशी त्यांचं पेन अडलं. पुन्हा 'दम आहे' लिहिता येईना. त्याला नकार गेला आणि खुर्ची आणखी बराच काळ रिकामी राहिली. त्या काळात एमडी माझ्यावर नाराज होते आणि ते लपवतही नव्हते.

शेवटी जिला घेतलं, तिच्या टिपणात शंकेच्या जागी 'फटकळ' असं आहे. पहिल्या आढाव्यात कळलं की फटकळपणाचा कोणाला त्रास नाही, पण कागदपत्रांत ती ढिली आहे; ते आम्हा कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. एमडींनी तिला एक सहायक दिला.

परवा सेल्स हेडचा फोन आला. त्यांनाही आपल्या टीमसाठी तो फॉर्म हवाय, फक्त खालची सहीची ओळ काढून, कारण त्यांच्याकडे निर्णय 'सगळे मिळून' घेतात. मी म्हटलं, ओळ काढायची तर अख्खा फॉर्मच नको. विचार करून सांगतो म्हणाले.