तुम्ही विचारलंत म्हणून: सिल्व्हर लॅब घेऊ का?

गोव्यात, फोंड्यात कुत्र्यांचं ग्रूमिंग करते म्हटल्यावर लोक अंघोळीचे किती घेता हे नंतर विचारतात, आधी हेच, की सिल्व्हर लॅब (लॅब्राडोर) घेऊ का, ब्लू फ्रेंची (फ्रेंच बुलडॉग) चांगली निघते का, मर्ल पॉम (पॉमेरेनियन) कुठे मिळेल. मी लगेच हो म्हटलं नाही की पुढचं वाक्य ठरलेलं, "बाय, रंगच तर आहे, त्यात वाईट काय?" टेबलावर ओलं कुत्रं उभं असताना याचं उत्तर धड देता येत नाही म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

तर पहिल्यांदा हे, की रंग वेगळा आहे म्हणून कुत्रं वाईट असं मी मानत नाही, आणि जे डॉग शोवाले लोक स्टँडर्डमध्ये, म्हणजे जातीचं कुत्रं कसं दिसावं याच्या नियमांत, नाही म्हणजे भेसळ असं म्हणतात त्यांचंही मला पटत नाही. आज आपल्याकडे लॅब म्हटलं की डोळ्यासमोर पिवळाच येतो, पण एकेकाळी लॅब म्हणजे काळाच असं समजायचे आणि पिवळी पिल्लं झाली की ती नको असायची. पहिला नोंद झालेला पिवळा लॅब इंग्लंडमधला, बेन ऑफ हाइड, जन्म १८९९. पांढऱ्या जर्मन शेफर्डला तर जर्मनीत १९३३ साली स्टँडर्डमधून बाहेरच काढलं, आणि त्याच पांढऱ्या कुत्र्यांपासून पुढे वेगळी जात धरली गेली, तिला २०११ मध्ये एफसीआयने, म्हणजे कुत्र्यांच्या जाती ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, कायमची मान्यता दिली. त्या पांढऱ्या रंगाने त्यांचं काहीही बिघडत नाही, नाक काळं, डोळे काळेभोर, कान ठणठणीत. म्हणजे नुसत्या आवडीनिवडीवरून रंग बाद करणं हेही चुकीचंच होतं, आणि त्यापायी कितीतरी चांगली पिल्लं गेली.

पण सगळेच रंग असे नसतात ना. मर्लचं घ्या. मर्ल म्हणजे काळा किंवा ब्राऊन रंग मध्येमध्ये फिका पडून जो राखाडी चट्ट्यापट्ट्यांचा कोट दिसतो तो, बरेचदा एक डोळा निळा, फोटोत अप्रतिम दिसतो हे मान्य. आई किंवा बाप यातला एकच मर्ल असेल तर बहुतेक पिल्लं ठीक निघतात. दोघंही मर्ल असले तर मात्र साधारण चारातलं एक पिल्लू डबल मर्ल होतं, म्हणजे मर्लचा जीन दोन्हीकडून आलेलं, बरंचसं पांढरं, आणि तिथे खरा घोळ आहे, कारण जी पेशी रंग बनवते तिची गरज आतल्या कानालाही असते, ती तिथे नसली की पिल्लू जेमतेम तीन-चार आठवड्यांचं होईतो कानाच्या आतलं सगळं सुकून जातं आणि ते परत येत नाही. २००९ च्या एका अमेरिकन अभ्यासात डबल मर्ल कुत्र्यांपैकी १५ टक्के दोन्ही कानांनी बहिरी होती आणि आणखी १० टक्के एका कानाने, तेच सिंगल मर्लमध्ये दोन्ही कानांनी बहिरी एक टक्क्याहून कमी. डोळ्यांचंही तसंच, काहींचे डोळे नीट वाढतच नाहीत, बारीक राहतात, बाहुली मधोमध नसते.

पर्वरीच्या एका कुटुंबाचा मोती माझ्याकडे येतो, पांढराशुभ्र पॉम, दोन्ही डोळे निळे. पहिल्या वेळेला मी ड्रायर चालू केला, आमचा तो ड्रायर चालू झाला की धीट कुत्रंसुद्धा एकदा तरी दचकतं, आणि हा पाठमोरा पडून होता, कान हलला नाही. मी मागून टाळी वाजवली, किल्ल्यांचा जुडगा वाजवला, काही नाही. मग समोर जाऊन हात दाखवला तसा उठून शेपूट हलवायला लागला. घरच्यांना वाटत होतं की तो हट्टी आहे, हाक मारली तरी येत नाही. मोतीच्या आईचा आणि बापाचा फोटो त्यांच्याकडे होता म्हणून कळलं, दोघंही मर्ल. आता त्यांच्या घरातली आजी त्याला उठवायचं तर फरशीवर पाय आपटते, त्याला ते जमिनीतून कळतं, आणि मी हात लावायच्या आधी तो नाकासमोर धरते, वास घेऊ देते, नाहीतर झोपेत कुणी धरलं की तो घाबरून चावायला जातो. मोती लाडका आहे, त्याचं सगळं नीट करतात, पण त्याला असं जन्माला घालायची काही गरज नव्हती आणि ज्याने ते मेटिंग लावलं त्याला पिल्लं दुर्मिळ रंगाची म्हणून जास्त पैसे मिळाले, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

कुत्र्यांची नोंदणी करणाऱ्या ब्रिटनच्या केनेल क्लबने २०१३ पासून मर्ल-मर्ल मेटिंगची पिल्लं रजिस्टर करणंच बंद केलंय. पॉमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही ती अशी, की क्रीम किंवा ऑरेंज रंगाच्या कुत्र्यावर मर्ल दिसतच नाही, लपून राहतो. म्हणजे ब्रीडर अगदी सरळ माणूस असला तरी क्रीम मादीला मर्ल नर लावला आणि मादीत मर्ल लपलेला असला तर डबल मर्ल होऊ शकतात. डीएनए टेस्ट केल्याशिवाय हे कळायला मार्ग नाही, आणि पॉमसाठी टेस्ट करणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही.

आता सिल्व्हर लॅब. इथे मी मर्लइतकी ठाम नाही हे आधीच सांगते. सिल्व्हर म्हणजे चॉकलेट लॅबचा फिका झालेला रंग, काळ्याचा फिका झाला की चारकोल म्हणतात, पिवळ्याचा झाला की शॅम्पेन. हा फिकेपणा देणारा जीन आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो. अमेरिकेत तो रंग कुठून आला यावर वर्षानुवर्षं भांडणं चालू आहेत, वायमरनर या राखाडी शिकारी कुत्र्याच्या जातीची भेसळ आहे म्हणतात, मला त्यात पडायचं नाही. अमेरिकन केनेल क्लब त्यांना चॉकलेट म्हणून रजिस्टर करून घेतो. माझी काळजी कातडीची आहे. या फिक्या रंगाच्या काही कुत्र्यांना कलर डायल्यूशन अ‍ॅलोपेशिया, म्हणजे फिक्या रंगामुळे केस जाण्याचा रोग, होतो, साधारण सहा महिने ते तीन वर्षं या वयात सुरू होतो आणि त्यावर बरं करणारं औषध नाही. सगळ्यांना होत नाही, वायमरनर तर सगळे याच रंगाचे असतात आणि त्यांच्यात हे सहसा दिसत नाही. पण हे पिल्लू कुठल्या बाजूला पडणार हे दोन महिन्यांच्या पिल्लाकडे बघून कुणीच सांगू शकत नाही, विकणारा तर नाहीच नाही.

होतं तेव्हा कसं दिसतं ते सांगते. माझ्याकडे येणारा एक सिल्व्हर, डोक्याला आणि पायांना केस भरपूर, चेहरा बघाल तर देखणा, आणि मानेपासून शेपटीपर्यंत पाठीवर ब्रश फिरवला की केस मुळासकट निघत नाहीत, मध्येच मोडतात, जुन्या झाडूचे हीर मोडतात तसे. खाली कातडी राखाडी, हाताला बारीक बारीक पुटकुळ्या लागतात, कोंडा पडतो. मालकाने पावसाळाभर फंगस समजून अँटीफंगल शाम्पू केले, गोव्यात जून ते सप्टेंबर कुत्र्याला काहीही झालं तरी पहिलं फंगसच म्हणतात आणि खूपदा ते असतंही, शिवाय खाणं बदललं, खोबरेल चोळलं. शेवटी व्हेटने चार केस उपटून मायक्रोस्कोपखाली बघितले तर केसाच्या आत रंगाचे गठ्ठे जमलेले, त्या गठ्ठ्यांच्या जागी केस फुगतो आणि तिथेच तुटतो. एवढ्या खर्चानंतर कळलं की हे जन्मजात आहे.

माझा खरा मुद्दा मात्र रोगाचा नाहीच. रंगाला जास्त पैसे मिळायला लागले की कुणाचं कुणाशी मेटिंग लावायचं हे पैसाच ठरवायला लागतो, मग नराचे हिप्स, म्हणजे खुब्याचे सांधे, कसे आहेत, मादी पिल्लांजवळ कशी वागते, घरात कुणाला कानाचा त्रास आहे का, हे सगळं मागे पडतं, फक्त रंग मिळतो की नाही तेवढं बघतात, आणि तो रंग असलेली कुत्री मुळात थोडी म्हणून मग बाप-लेक, भाऊ-बहीण असं सर्रास चालतं. चॉकलेट लॅब तर अगदी मान्यताप्राप्त रंग, तरी ब्रिटनमधल्या व्हेट क्लिनिकच्या नोंदींवरून २०१८ मध्ये जो अभ्यास आला त्यात चॉकलेटचं मध्यक (मीडियन) आयुष्य १०.७ वर्षं आणि बाकी रंगांचं १२.१ वर्षं निघालं, कानाची सूज चॉकलेटमध्ये २३.४ टक्के, काळ्यांत १२.८. चॉकलेटचा जीन विषारी आहे असं ते म्हणत नाहीत, त्यांचा अंदाज असा की चॉकलेटच हवा म्हणून मोजक्याच कुत्र्यांतून पिल्लं घेत गेल्यावर कान-कातडीच्या तक्रारीही त्याच कुत्र्यांबरोबर पुढे जात राहिल्या. इतक्या कॉमन रंगाचं हे, तर सिल्व्हरचं काय होत असेल. आणि त्याच लिटरमध्ये, म्हणजे त्याच वेताला, जी साध्या रंगाची पिल्लं होतात त्यांचं काय होतं हे कुणी विचारतच नाही!

म्हणून घेऊ का विचारणाऱ्यांना मी म्हणते की आधी आई बघून या. गोव्यात अशी पिल्लं बरेचदा बाहेरून येतात, रात्रीच्या बसने, क्रेटमध्ये, आणि आईबद्दल विचारलं की "ती तिकडे फार्मवर आहे" एवढंच उत्तर. आई दाखवत नसेल तर तिथेच थांबा, रंग कसाही असो. आईबापाचे डीएनए रिपोर्ट मागा, व्हॉट्सअ‍ॅपवरचे फोटो म्हणजे रिपोर्ट नव्हे. २०१७ पासून केंद्राचे कुत्र्यांच्या ब्रीडिंगचे नियम आहेत, त्यात ब्रीडरने राज्याच्या अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाकडे नोंदणी करावी लागते, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, मादी किमान अठरा महिन्यांची हवी आणि तिच्याकडून आयुष्यात पाचपेक्षा जास्त लिटर घ्यायचे नाहीत. नोंदणीचा कागद बघायला मागितला म्हणून चिडणारा माणूस कसा असेल ते तुम्हीच बघा. आणि एवढं करूनही "मला सिल्व्हरच हवा" असं असेल तर मी नंबर देणार नाही, मला कमिशन देऊ केलंत तरी नाही, कारण तुम्ही आज अ‍ॅडव्हान्स दिलात की पुढच्या सीझनला ती मादी परत लावली जाणार आणि तिला तर कुणी विचारलेलंच नसतं.

ज्यांच्या घरी असं फिक्या रंगाचं कुत्रं आधीच आहे त्यांनी हे वाचून वाईट वाटून घेऊ नये, त्याच्यावर माया करा, एवढंच बघा की दर आठवड्याला घासून अंघोळ नको, व्हेटने सांगितलेला सौम्य शाम्पू वापरा, पावसात भिजला तर पाठ आणि कानाच्या मागचं पूर्ण कोरडं करा, पुटकुळ्यांत पू दिसला तर घरगुती लेप लावत बसू नका, सरळ दवाखान्यात न्या. आणि नसबंदी करून घ्या. रंग बघून कुणी मेटिंगसाठी मागायला येईलच, शेजारचे येतील, ओळखीतले येतील, एक पिल्लू तुम्हाला फुकट म्हणतील, त्यांना नाही म्हणून सांगा आणि का ते विचारलं तर हे वाचायला द्या.