फोटो नको, स्क्रीनशॉट पाठव

ओळखीत कुणी ग्राफिक्स कार्ड (कॉम्प्युटरचं चित्र तयार करणारा भाग) ओव्हरक्लॉक करायला, म्हणजे ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवायला, घेतलं की लवकरच मला मोबाइलने काढलेला स्क्रीनचा फोटो येतो. हिरवे ठिपके, काळे चौकोन, नाहीतर जमिनीतून निघून थेट आभाळात घुसलेला लांबलचक त्रिकोण. खाली प्रश्न एकच: "दादा, कार्ड गेलं का?" माझं उत्तर ठरलेलं असतं: फोटो नको, स्क्रीनशॉट पाठव. फोटो हललाय म्हणून मी कुरकुर करतोय, असं पोरांना वाटतं.

स्क्रीनशॉट कार्डाच्या मेमरीत तयार झालेल्या फ्रेमवरून, म्हणजे एका पूर्ण चित्रावरून, निघतो. केबल आणि मॉनिटर ही पुढची मंडळी, त्यांचा त्यात हात नसतो. म्हणून तो दुसऱ्या यंत्रावर उघडून बघायचा. ठिपके तिथेही असतील तर चित्र कार्डातच नासलं. स्क्रीनशॉट स्वच्छ निघाला तर आधी केबलकडे बघायचं. हा शेवटचा निकाल मात्र नव्हे, कारण कार्ड मेमरीतून फ्रेम वाचून मॉनिटरकडे रवाना करतं, त्या वाटेतही गडबड होऊ शकते. तेव्हा क्लॉक, म्हणजे कार्डाचा वेग, मूळ आकड्यांवर आणायचं आणि परत बघायचं. तरीही ठिपके येत असतील तर ओव्हरक्लॉकला दोष देण्यात अर्थ नाही.

केबलचे ठिपके बहुतेकदा पांढरे, क्षणभर चमकून जाणारे असतात, आणि मधूनच स्क्रीन सेकंदभर काळी होऊन परत येते. ४के रिझोल्यूशन ६० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवत, पूर्ण रंगांसह चालवायचं तर एचडीएमआय २.० ची सेकंदाला १८ गिगाबिटची वाट जवळजवळ भरून जाते. लांब किंवा जुनी केबल तिथे हात टेकते. रिफ्रेश रेट ३० वर आणला आणि ठिपके गेले, तर केबल बदला आणि सुटा.

कधीकधी कॉम्प्युटर सुरू होतानाच, विंडोज यायच्या आधी, बायॉसच्या (मशीनच्या सुरुवातीच्या सेटिंगच्या) स्क्रीनवरच पट्टे दिसतात. आफ्टरबर्नरसारखी सॉफ्टवेअरं क्लॉक वाढवतात ती विंडोज आल्यावर. म्हणजे त्या घटकेला कार्ड मूळ वेगावरच असतं. तिथेही पट्टे असतील आणि केबल, मॉनिटर बदलूनही जात नसतील, तर वेगाचे स्लायडर (सरकपट्ट्या) हलवत बसू नका, वॉरंटीचे कागद शोधा. (ही एकच वेळ, जेव्हा मी मोबाइलचा फोटो मुकाट्याने चालवून घेतो.)

आता खऱ्या ओव्हरक्लॉकच्या बिघाडाकडे. माझी सवय अशी: गेममध्ये एका जागी उभं राहायचं आणि फक्त कॅमेरा फिरवायचा. डाग भिंतीला चिकटून भिंतीसोबत सरकत असेल तर त्या भिंतीचं टेक्श्चर, म्हणजे तिच्यावर चढवलेलं चित्र, मेमरीत बिघडलेलं आहे. लेव्हल पुन्हा लोड होईपर्यंत तो तसाच राहतो. ठिपके दर फ्रेमला जागा बदलत चमचमत असतील तरी माझा पहिला संशय मेमरी क्लॉकवरच (मेमरीच्या वेगावर) जातो. आकार फाटत असतील, म्हणजे पात्राच्या कोपरातून सुळका निघतोय, छप्पर ताणलं जातंय, तर कोअर क्लॉकही (कार्डाच्या मुख्य चिपचा वेग) संशयितांत धरायचं. ही विभागणी काटेकोर नाही, पण कुठला स्लायडर आधी खाली ओढायचा ते तेवढ्यावरून ठरतं. एका वेळी एकच स्लायडर, हे वेगळं सांगायला नको. दूरवरच्या डोंगरावर दोन पृष्ठभाग एकमेकांत लुकलुकत असतील, तर ते बऱ्याचदा गेमच्याच रेंडरिंगचं दुखणं असतं. मूळ क्लॉकवरही ते तसंच दिसतं.

मेमरी ही फार लबाड चीज आहे. माझ्या सध्याच्या कार्डावर जीडीडीआर६ जातीची मेमरी आहे. आफ्टरबर्नरमध्ये मेमरी शंभर-शंभर मेगाहर्ट्झने वाढवत आणि दर वेळी सुपरपोझिशन ही कार्डाचा वेग मोजणारी चाचणी चालवत गेलो. +८०० पर्यंत स्कोअर चढत होता. +९०० ला जागच्या जागी. +१००० ला चक्क उतरला. स्क्रीनवर एकही ठिपका नाही, सगळं लख्ख. ठिपके दिसले ते +१२०० च्या पुढे, आणि तेही फक्त अंधाऱ्या तळघरात, काळ्या भिंतीवर बारीक निळे-गुलाबी कण. उजेडातल्या दृश्यात ते असले तरी कुणाच्या नजरेला पडणार?

कारण असं: जीडीडीआर५ पासून या मेमरीत ने-आण करतानाची चूक पकडायची सोय आहे. डेटाबरोबर त्याची तपासणी-बेरीज जाते, ती जुळली नाही की कंट्रोलर तोच डेटा पुन्हा मागतो. रेंज नसलेल्या फोनवर "काय? परत बोल" चालतं तसंच. संभाषण पूर्ण होतं, पण वेळ जातो. म्हणून आकडा वाढतो, चित्र स्वच्छ राहतं, आणि फ्रेम रेट घसरतो. डोळ्यांनी ठिपके शोधून मेमरीची हद्द ठरवणाऱ्याला ही घसरण कळतच नाही, आणि उलट तो छाती फुगवून आकडा सांगतो. मी स्कोअर जिथे चढायचा थांबला त्याच्याही एक पायरी मागे, +७०० वर आलो. ओसीसीटी या सॉफ्टवेअरमधली व्हीरॅम (कार्डाच्या मेमरीची) चाचणी चुका मोजून दाखवते, तीही चालवावी, आणि कार्ड पूर्ण तापल्यावर चालवावी. गार कार्डावर पास झालेली मेमरी अर्ध्या तासाने नापास होऊ शकते. जीडीडीआर६एक्स असेल तर एचडब्ल्यूइन्फो या तापमानं दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मेमरी जंक्शनचं (मेमरी चिपच्या आतलं) तापमान बघा. कोअर ६५ अंशांवर निवांत असताना मेमरी १०० च्या घरात असणं तिथे नवलाचं नाही.

कोअरचं तसं नाही, तो बोंब मारतो. स्क्रीन काळी, गेम बंद, डेस्कटॉप परत. विंडोज कार्डाच्या उत्तराची साधारण २ सेकंद वाट बघतं आणि मग ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, नव्याने उभा करतं. विंडोजच्या नोंदवहीत, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, ४१०१ क्रमांकाची नोंद सापडली तर हेच घडलं. कोड्यात टाकणारी गोष्ट वेगळीच: कार्ड कधी कोसळतं. एका पोराचं कार्ड तासभर फरमार्कमध्ये (कार्डावर जबर भार टाकणाऱ्या चाचणीत) तग धरायचं आणि एका साध्या जुन्या गेमच्या मेन्यूत मरायचं. त्याने ड्रायव्हर बदलले, विंडोज पुन्हा टाकलं. फरमार्क कार्डाला वीजमर्यादेवर नेऊन आपटतं, त्यामुळे क्लॉक आपसूक खाली येतं. कार्ड तापतं खूप, पण धावतं हळू. मेन्यूत भार नगण्य, कार्ड गार, म्हणून बूस्ट, म्हणजे कार्ड स्वतःहून वाढवतं तो वेग, पार वक्राच्या टोकाला (कुठल्या व्होल्टेजला किती क्लॉक, याचा तो आलेख). एनव्हिडियाच्या अलीकडच्या कार्डांत हे क्लॉक छोट्या ठरावीक पायऱ्यांनी चढतं-उतरतं, आणि कार्ड गार असलं की एक-दोन पायऱ्या वर जातं. आपण +१५० दिले म्हणजे अख्खा वक्र वर उचलला, शेवटचं टोकसुद्धा, आणि ते टोक फरमार्कने कधी तपासलेलंच नसतं. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल-एफ दाबून वक्र उघडला आणि वरची टोकं सपाट केली, तेव्हा ते कार्ड शांत झालं. फरमार्क थंडावा तपासायला बरं. क्लॉकची परीक्षा घ्यायला मी ते वापरत नाही.

विजेबद्दल थोडंच. ८ पिनी जोडणी १५० वॅटची, कार्ड मदरबोर्डवर बसतं त्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटचे ७५. कार्डाला दोन ८ पिनी जोडण्या हव्या असतील तर एकाच वायरीची दोन तोंडं लावण्यापेक्षा पॉवर सप्लायपासून दोन स्वतंत्र वायरी आणा. पॉवर लिमिट (कार्डाची वीजमर्यादा) वाढवायच्या आधी एवढं तरी कराच.

आणि आफ्टरबर्नरमधली "विंडोज सुरू होताना ओव्हरक्लॉक लावा" ही खूण पहिले काही दिवस करू नका. ती केलेली असताना क्लॉक जास्त झालं तर प्रत्येक वेळी डेस्कटॉप येताच मशीन अडकतं, आणि मग बहुतेकदा सेफ मोडमध्ये जाऊन ते सॉफ्टवेअर काढून टाकावं लागतं. खूण नसेल तर नुसतं रीस्टार्ट केलं की कार्ड मूळ आकड्यांवर. स्क्रीन गोठलीच तर आधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबून बघा. ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि पुष्कळदा चित्र परत येतं.